मिठाचा शेक

वर्तकनगर, ठाणे
दि. १९ जानेवारी २०२५

ती. स्व. तुळसाआत्या हिस,
निशाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझा नयनदादा काल वागळे इस्टेटमधल्या कामावरून सुटल्यावर आमच्या घरी आला आणि तुझा हुकूम सांगून गेला. घशाला विश्रांती म्हणून बोलायचं नाही, तेव्हा फोन नको. उतरलेलं तोंड कोणी बघायला नको, तेव्हा भेटायलाही यायचं नाही. मोबाईलवरची बारीक अक्षरं तुला वाचवत नाहीत, म्हणून निशाने कागदावर लिहावं आणि नयनने पोचवावं, असं तू पाटीवर लिहून दाखवलंस म्हणे. भाऊंना राग आला. सख्ख्या बहिणीला भेटायला परवानगी लागते का, असं जेवताना दोनदा म्हणाले. आई म्हणाली, वन्सं म्हणतात तसं होऊ द्या. मला मात्र बरं वाटलं. समोर बसून मला कोणाला धीर देता येत नाही, मीच आधी रडते. कागदावर खोडता तरी येतं.

उद्यापासून तुझं सुरू. मला दोन वर्षांपूर्वी हेच दोन्ही एकत्र दिलं होतं, आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन आणि शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन. माझी गाठ नाकाच्या मागे होती, तुझी जिभेच्या मुळाशी आहे. त्यामुळे मला झालं ते सगळं तुला तसंच होईल असं नाही. हे वाक्य मी प्रत्येक पत्रात लिहिणार आहे, कंटाळू नकोस.

रेडिएशन हा शब्द ऐकला की तुझे हात गार पडतात असं दादा म्हणाला. मग तो शब्दच टाकून दे. दवाखान्यात बरेच जण शेक म्हणतात, तूही शेक म्हण. आपण गुडघ्याला देतो तसा शेक. लागताना काही कळतसुद्धा नाही. त्रास होतो तो तोंडावर बसवतात त्या जाळीच्या मुखवट्याचा. तो आपल्याच चेहऱ्याच्या मापाचा असतो आणि टेबलाला अडकवतात, मान हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी मला ओरडावंसं वाटलं होतं. मग मी मनात बाराखडी म्हणायला लागले, तू शिकवलेली. शाळेत घालायच्या आधी तू परातीत मीठ पसरून मला त्यात बोटाने अ काढायला लावायचीस. चुकलं की परात हलवायची, अक्षर गेलं. माझी खरी शाळा तीच. मुखवट्याखाली मी तीच परात डोळ्यांसमोर आणायचे. तूही काहीतरी धरून ठेव.

कोमट पाण्यात मीठ आणि सोडा घालून गुळण्या करायला सांगतील, त्या नको वाटल्या तरी चुकवू नकोस. जेवणाची चव हळूहळू जाईल, ते आधीच सांगते, म्हणजे दचकायला नको. आणि मशेरीची डबी तांदळाच्या पिंपात लपवली आहेस, हे मला आणि देवाला दोघांनाही माहीत आहे. ती मुकाट्याने आतोबांच्या हातात दे.

आतोबांना नमस्कार. माया आहे ती असू दे. पत्रात काही चुकलं तर परात हलव.

तुझी,
निशा

*

मोठागाव, डोंबिवली (प.)
दि. २ फेब्रुवारी

चि. बाय निशा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तुझ्या आतोबांनी वाचलं. डबी त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती खाडीत टाकली असं सांगतात. मला वाटतं कपाटावर आहे.

मुखवटा तू सांगितलास तसाच. माझा आजा खाडीत पाग टाकायचा, त्या जाळ्यातली बोय मासळी कशी बघायची वर, तशी मी बघत होते. माझ्याच्याने बाराखडी झाली नाही. मी आपलं मिठागर डोळ्यांपुढे आणलं. एकेका कोंडीत पाणी सोडायचं, ते आटायचं, मग फळीने मीठ ओढायचं. ढीग लागेपर्यंत मशीनवाल्यांचं काम होतं.

बाकावरची मंडळी तुला आवडतील. रोज तीच वेळ, तेच चेहरे. ज्यांचं अर्धं झालं ते जुने, आम्ही नवे. जुने नव्यांना शिकवतात. एकजण सांगतो गार दूध घ्या, दुसरी सांगते पेज घ्या, तिसरा म्हणतो काही घेऊ नका, सगळं परत येतं. कल्याणची हौसाबाई माझ्या शेजारी बसते, तिचंही घशाचंच. तिला बोलायची मनाई आहे हे ती सगळ्यांना बोलून सांगते. एक रिक्षावाला आहे, केमोच्या सलाईनपासून त्याच्या कानात सारखं वाजतं. मीटर चालू राहिलाय, भाडं कोणाकडे मागू, असं डॉक्टरांना विचारत होता. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी औषधाचा हिशेब बदलला. मला सलाईनच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, बाकी ठीक.

चव गेली, बाय. तू सांगितलं होतंस तरी दचकले. तांदळाची भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा. स्वयंपाक मी सोडलेला नाही, हात चालतात तोवर करणार. पण मीठ घातलं की नाही ते कळत नाही. चाखून उपयोग नाही, म्हणून अंदाजाने घालते, मग वाटतं विसरले, परत घालते. आतोबांना खुणेने विचारलं की ते म्हणतात, छान झालंय. रोज म्हणतात. परवा त्यांना जेवल्यावर चार तांबे पाणी पिताना मी पाहिलं.

एक विचारते, खरं सांग. मिठागरावरच्या बाईची जीभ आहे ही. आमच्या आळीतला मसाला दरसाल माझ्या जिभेवर ठरतो. तुझं मीठ परत आलं का? गोड बोलू नकोस, खरं लिही.

भाऊला सांग राग धरू नकोस. तुझ्यावर जीव आहेच, तो कागदावर मावत नाही.

तुझी,
आत्या

*

वर्तकनगर, ठाणे
दि. ८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्या हिस,
निशाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मी चार वेळा उत्तर लिहायला बसले. खरं लिही म्हणालीस, म्हणून प्रत्येक वाक्य तपासत होते. आई म्हणाली, पत्र लिहितेस की कोर्टात जबानी देतेस.

मीठ परत आलं. गोड आधी आलं, पण खोटं. केळं साबणासारखं लागायचं. मग आंबट आलं. मीठ सगळ्यांत शेवटी. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला गेलो होतो, तिथे आईने खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली. मी सवयीने तोंडात टाकत होते आणि मध्येच थांबले. आईला म्हटलं, हे खारट आहेत. आई म्हणाली, खारेच घेतलेत. तिला काही कळलंच नाही. मी त्या गर्दीत पुडी छातीशी धरून उभी राहिले.

पूर्ण आलं का? नाही. जिभेच्या डाव्या बाजूला अजून फिकं लागतं. कितव्या महिन्यात आलं ते मुद्दाम लिहीत नाही. तू कॅलेंडरवर खूण करून बसशील आणि तो दिवस उलटला की मला शिव्या देशील. माझं झालं तसंच तुझं होईल असं नाही, पण येत नाही असंही नाही.

तुझ्या पत्रात मानेबद्दल एक अक्षर नाही, म्हणून काळजी वाटते. कातडी लाल झाली का? आग होते का? डॉक्टरांनी मलम दिलं आहे का, ते लावतेस का? सलाईनच्या दिवशी पाणी पुरेसं पितेस का? मला माहीत आहे, मी फार विचारते. एकेका प्रश्नाला मान हलव, आतोबा लिहून पाठवतील.

आतोबांच्या रक्तदाबाचं काय? त्यांना सांग, खरं बोलल्याने स्वयंपाकीण नोकरी सोडून जात नाही.

रागावलीस तरी रागासकट आठवण ठेव.

तुझी,
निशा

*

मोठागाव, डोंबिवली (प.)
दि. १६ फेब्रुवारी

चि. निशा हिस,
पंढरी आतोबाचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तरी लिहितो. तुझ्या आत्याचे उपचार गुरुवारपासून थांबले आहेत. उजव्या बाजूला मानेची कातडी फाटली, पाणी सुटलं. डॉक्टर म्हणाले की लाल होणार हे धरून चाललो होतो, पण इतक्या लवकर इतकं कसं झालं ते कळत नाही. त्यांनी तिला विचारलं. तिने पाटीवर लिहिलं, आपोआप.

ते आपोआप नाही. रोज संध्याकाळी ती तव्यावर जाडं मीठ गरम करते, माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधते आणि मानेला शेक घेते. मी पहिल्या दिवशी विचारलं. तिने तुझं पत्र काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं, आपण गुडघ्याला देतो तसा शेक. दवाखान्यातला लागताना कळत नाही म्हणजे तो हलका आहे, घरचा जोडीला दिला तर गाठ लवकर विरघळेल, असा तिचा हिशेब. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गरम पाण्याने शेकू नका असं बजावलं होतं. पण ही म्हणते, मी पाणी कुठे वापरलं. दोन दिवस तवा मीच तापवून दिला. तेव्हा चूक एकट्या तिची नाही.

आता ती जात नाही म्हणते. डॉक्टरांनी उद्या-परवा दाखवायला बोलावलं आहे, तिथेही जायला तयार नाही. पाटीवर एकच शब्द लिहिते, पुरे. नयनने समजावलं, मी समजावलं. तुझं ऐकेल असं वाटतं. मात्र शेकाचं मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. या वयात ती मला एवढंच एक गुपित सांगते.

भाऊंना नमस्कार. असाच जिव्हाळा ठेवावा.

तुझे,
आतोबा

*

वर्तकनगर, ठाणे
दि. १७ फेब्रुवारी

ती. स्व. आत्या हिस,
निशाचा नमस्कार.

आतोबांनी मला मिठाच्या शेकाचं सांगितलं. सांगितलं हे कळू देऊ नकोस असंही म्हणाले. त्यांचा शब्द मी मोडते आहे. त्यांच्यावर रागावू नकोस, माझ्यावर रागाव. सकाळपासून विचार केला, न सांगता तुला कसं सांगायचं ते मला जमलं नाही.

आत्या, शेक हा नुसता शब्द आहे. त्या मशीनमधून ऊब येत नाही. किरणं आत जाऊन गाठ मारतात, आणि जाता जाता कातडी भाजतात, सावकाश, आपल्याला कळू न देता. त्यावर गरम मीठ ठेवणं म्हणजे भाजलेल्यावर पुन्हा भाजणं. पाणी असो, मीठ असो, विटकर असो. तुझी भीती जावी म्हणून मी घरातला शब्द शोधला, आणि तू त्या शब्दाशी घरातल्यासारखीच वागलीस. यात तुझं काय चुकलं ते मला सांगता येत नाही. माझं सांगता येतं. नावाआड काम लपवलं.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. डॉक्टरांना खरं कारण कळलं नाही, तर त्यांना वाटेल तुझं अंगच हे सोसत नाही. मग ते हात आखडता घेतील, आणि तुझ्या गाठीला पूर्ण मार बसायला हवा तो बसणार नाही. जितका खंड पडेल तितका तिला सावरायला वेळ मिळतो. हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, माझ्या मनाचं नाही. तुला सांगायची लाज वाटत असेल तर काही लिहू नकोस. हेच पत्र त्यांच्यासमोर ठेव. माझं पहिलं पत्रही ठेव. त्यांना जिला बोलायचं असेल तिला बोलू दे, मी रजा काढून येते.

मीठ परत आलं का, असं तू मला विचारलंस. जिला पुरे म्हणायचं असतं ती असं विचारत नाही. तू पाटीवर लिहिलेला तो शब्द मला नयनदादाने फोटो काढून पाठवला. लहानपणी तू माझी अक्षरं सुधारायचीस, आज एकदा मी सुधारते. त्यातली मात्रा काढ आणि वर अनुस्वार दे. पुरं. पुरं कर, आत्या.

जास्त लिहीत नाही. रडून कागद खराब होतो आहे. राग, लोभ, जे असेल ते पाठव, पण उत्तर पाठव.

तुझी,
निशा

*

मोठागाव, डोंबिवली (प.)
दि. १ मार्च

चि. बाय निशा हिस,
आत्याचे आशीर्वाद, रागासकट.

राग आतोबांवर होता. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. पण मी कोणाशीच बोलत नाही, त्यामुळे त्यांना ते कळलंच नाही. शेवटी पाटीवर लिहून सांगावं लागलं की मी तुमच्याशी बोलत नाहीये. तेव्हा ते म्हणाले, बरं, आणि चहा ठेवला.

तिसऱ्या दिवशी गेले. दोन्ही पत्रं टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे बघत बसले. डॉक्टर तरुण आहेत, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी सगळं वाचलं, पहिलं पत्र परत वाचलं. मला वाटलं आता झाडणार. ते म्हणाले की शेक हा शब्द आम्हीही दिवसातून शंभरदा वापरतो, यापुढे नाही वापरणार. आणि लगेच नर्सबाईंना म्हणाले, मावशींचा शेक सोमवारपासून बघू. नर्सबाईंनी तोंडावर फाईल धरली.

खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी मलमपट्टीला गेले, तर डॉक्टर बाकापाशी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना विचारलं की घरी कोणी वेगळा शेक घेतं का, गरम पिशवी, वीट, काहीही. मी हात वर केला. माझं बघून रिक्षावाल्याने केला. मग हौसाबाईने, हळूच, पदराआडून. तिची गरम पाण्याची पिशवी होती, नुकतीच सुरू केलेली. तिची कातडी वाचली. ती मला म्हणाली, तुम्ही हात वर केला नसता तर मी मेले तरी बोलले नसते. बोलायची तिला मनाईच आहे म्हणा.

कातडी भरत आली. सोमवारी पुन्हा मुखवटा घातला. राहिलेलं सगळं पुरं द्यायचं, कमी करायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. नाकातून नळी घातली आहे, पेज त्यातून जाते. आरशात बघत नाही.

पुरे का म्हणाले ते तुलाच सांगते. कातडीसाठी नाही. त्या पुरचुंडीतलं मीठ आपल्या हातचं होतं, शेवटचं मिठागर बंद झालं तेव्हा मी मडक्यात राखून ठेवलेलं. ज्यावर घर चाललं तेच अंगावर उलटलं, मग आता कशाच्या भरवशावर बसायचं, असं झालं होतं. तू लिहिलंस चूक शब्दाची. मग मिठाची नाही. तेवढ्यावर उठले.

अनुस्वार सरळ काढ. तू टिंबाला शेपूट देतेस, लहानपणापासून.

तुझी,
आत्या

*

वर्तकनगर, ठाणे
दि. २२ मार्च

ती. स्व. आत्या हिस,
निशाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

नयनदादाने फोटो दाखवला. शेवटचा दिवस झाल्यावर तू दवाखान्याच्या दारात पाटी धरून उभी आहेस, त्यावर पुरं लिहिलं आहे, आणि अनुस्वार एवढा मोठा काढला आहेस की पाटीचा कोपरा भरला. भाऊ तो फोटो घेऊन बसले होते. आधी म्हणाले, वाळली गं. मग म्हणाले, आता तरी परवानगी आहे का विचार.

आता ते सांगते जे मला कोणी सांगितलं नव्हतं. संपल्यावर लगेच बरं वाटत नाही. पुढचे दोन-तीन आठवडे उलट जास्त त्रास होतो, घसा, थकवा, सगळंच. तेव्हा घाबरू नकोस, आणि तव्याकडे तर बघूही नकोस. गुळण्या चालू ठेव. तपासणीत काय निघेल ते जूनमध्ये कळेल. मी त्याबद्दल आत्ताच काही चांगलं लिहिणार नाही, मला खोटं बोलायची भीती वाटते. देवाला रोज सांगते, एवढं खरं.

मे महिन्यात मसाल्याला मी येऊ का? माझी जीभ अजून पूर्ण नाही, पण उजवी बाजू बरी आहे.

तुझ्या मायेवर माझा हक्क आहे असं समजून चालते.

तुझी,
निशा

*

मोठागाव, डोंबिवली (प.)
दि. १४ जून

चि. बाय निशा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तपासणीत गाठ दिसत नाही, हे नयनने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. आता मला थोडं बोलता येतं, मीही फोन केला असता. पण दुसरी एक गोष्ट आहे, ती फोनवर सांगितली असती तर तू रडली असतीस आणि मला तेच ऐकत बसावं लागलं असतं.

आधी मसाल्याचं. तू उजव्या बाजूने चाखून ठरवलास तो आळीत वाटला. कोणी नाव ठेवलं नाही. पलीकडची करिश्मा म्हणाली, यंदा तिखट जरा बेताचं आहे. मी म्हटलं, ठाण्याची जीभ आहे, सांभाळून घ्या.

आता ते. आज सकाळी नेहमीसारखी मोरीपाशी गुळणीला बसले. पेल्यात कोमट पाणी, मीठ, सोडा. इतके महिने ते पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं, ना चव ना ढव. आज तोंडात घेतलं आणि थांबले. जिभेच्या टोकाला काहीतरी होतं. मला वाटलं भास. जीभ हलवली. खारट होतं, बाय. आपल्या कोंडीतलं पाणी फळी ओढताना ओठावर उडायचं ना, तसं खारट.

थुंकवेना. यांना हाक मारायची तर तोंड भरलेलं. म्हणून तांब्या उचलला आणि मोरीच्या कठड्यावर वाजवला. तुझे आतोबा धावत आले, त्यांना वाटलं मी पडले. मी नुसता पेला पुढे केला आणि डोळ्यांनी सांगितलं, प्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं, आणि एक मोठा घोट घेऊन गिळला.

मग मान हलवून म्हणाले, छान झालंय.

तुझी,
आत्या